रॅम्पसाठी केक घ्या!

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगणा आहे. तिथल्या ब्यूड गावाने १९३० साली किनाऱ्यावरच्या खडकांना भिंत घालून समुद्रातच पोहण्याचा तलाव केला. लांबी सुमारे ९१ मीटर, रुंदी ४५. भरती आली की अटलांटिक महासागर भिंतीवरून आत उतरतो, जुनं पाणी ढवळतो, नवं भरतो आणि निघून जातो. पंप नको, क्लोरीन नको, टँकर तर नकोच. हे सगळं काम चंद्र करतो, आणि त्याने अजून वेतन आयोग मागितलेला नाही.

तरीही २०१० साली कॉर्नवॉल कौन्सिलने या तलावाला पैसे देणं बंद केलं. समुद्र ठरल्या वेळी येत राहिला, ओहोटी फक्त तिजोरीला लागली. मग २०११ मध्ये गावकऱ्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ ब्यूड सी पूल’ नावाची संस्था काढली आणि तलाव अंगावर घेतला. प्रवेश आजही फुकट आहे. पाणी समुद्राचं, भिंत आजोबांच्या काळातली आणि डागडुजी वर्गणीची.

त्याच कॉर्नवॉलमध्ये पेन्झन्सला १९३५ सालचा जुबिली पूल आहे. २०१४च्या वादळाने तो फोडला. तिथल्या लोकांनी पुढे चक्क भागभांडवल उभारलं आणि २०२० मध्ये जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर त्याचा एक कोपरा गरम करून घेतला. थोडक्यात, समुद्रकाठच्या इंग्रज नागरिकाला पोहायचं असेल तर त्याने आधी भागधारक व्हावं, मग खजिनदार, आणि वेळ उरलाच तर ओलं व्हावं.

वर्गणीची तिकडची रीतही वेगळी. आपल्याकडे पाच पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात आणि आकडाही तीच सांगतात. इंग्रज असला आगाऊपणा करत नाही. तो आधी स्वतःला शिक्षा करून घेतो आणि मग तिचे पैसे मागतो. एक जानेवारीला, पाणी दहा अंशांवर असताना, चांगले पोट सुटलेले गृहस्थ परीचे पंख लावून समुद्रात उड्या घेतात आणि काठावरचे लोक थर्मासातला चहा पीत दान देतात. केकविक्री तर बारमाही. हिने केलेला केक त्याने घ्यायचा, त्याने केलेला हिने. पैसा गावातच फिरतो, वजनं वाढतात, आणि पोहण्याची गरज सिद्ध होते. याहून चोख प्रकल्प अहवाल कुठल्या सल्लागाराने करून दाखवावा!

इथवर सगळं गमतीचं आहे. आता अशा कुठल्याही गावाच्या समितीत एखादी बाई व्हीलचेअरवरून येते आणि विचारते, “मला पाण्यात कसं उतरता येईल?” सभेत शांतता पसरते. मग अध्यक्ष अतिशय मायेने म्हणतात, “छान सूचना. निधी उभारू या.”

आता मुद्द्याकडे वळू. तलावाला पायऱ्या आहेतच. त्यांच्यासाठी कुणी केक विकला नव्हता, परीचे पंख लावले नव्हते. पायऱ्या हा बांधकामाचा खर्च असतो, रॅम्प हा समाजाचा मोठेपणा असतो. दोन पाय असलेल्यांची सोय अंदाजपत्रकात आपोआप बसते. बाकीच्यांची सोय लॉटरीत निघावी लागते. हे अगदी शब्दशः घ्या. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून अशा कामांना अनुदान मिळतं. कुणाचे तरी सहा आकडे चुकले की दुसऱ्या कुणाला तरी रॅम्प मिळण्याची आशा लागते.

हिशेबही रॅम्पच्याच विरोधात जातो. एक मीटर खाली जायला सहा-सात पायऱ्या पुरतात. रॅम्पला मात्र एकास बारा उतार लागतो, म्हणजे मीटरमागे बारा मीटर लांबी. किनारा रस्त्यापासून पाच मीटर खाली असेल तर साठ मीटर, शिवाय मध्ये दम खायला सपाट टप्पे. त्यावर शेवाळ धरणार, ते खरवडायला माणूस हवा. वाळूत साधी चाकं रुततात, म्हणून फुग्यासारख्या चाकांची खास खुर्ची हवी. पाण्यात उतरवणारा पाळणा बसवला की खारं पाणी तो खायला बसतं. समितीतला एखादा अनुभवी सभासद मग हळूच विचारतो, “पण असे येणार किती जण?” आजवर एकही आलेला नाही, हे तो आकडेवारीनिशी सांगतो. रॅम्प नाही, हे तो इतिवृत्तात घेत नाही.

पैसे जमले तरी परवानगी उरतेच. इंग्लंडात भरतीच्या रेषेखाली बांधकाम करायचं तर सागरी परवाना काढावा लागतो, आणि रेषेच्या वर स्थानिक कौन्सिलचं राज्य. भरतीचा तलाव नेमका या दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेला. रॅम्पचा वरचा टप्पा एका खात्यात, खालचा दुसऱ्या, आणि व्हीलचेअर मधल्या पत्रव्यवहारात. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, फायली पाहिलेल्या कोकणी माणसाला इथे एकदम घरी आल्यासारखं वाटेल. यात गंमत अशी की देशाचा समता कायदाही २०१०चाच. अपंगांना सेवा वापरता यावी म्हणून शक्य ते बदल करा, असं कायदा सांगत होता. पैसे नाहीत, असं कौन्सिल त्याच वर्षी सांगत होती. दोघांची भेट झाली नसावी.

आपण हसायचं कारण नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअर पाण्यापर्यंत नेणारी लाकडी वाट उघडली आणि दोनच आठवड्यांत मंदौस वादळाने तिचा शेवटचा तुकडा मोडून टाकला. तरी तिथे मोडायला काहीतरी होतं. शाळेत ७२० किलोमीटरची किनारपट्टी पाठ केलेल्या महाराष्ट्राने वादळाला ही संधी फारशी दिलेली नाही. आमच्या चौपाटीवर वाळूपर्यंत भेळ पोचते, घोडा पोचतो, मंत्र्यांची गाडीही पोचते. केक विकावा, इतकीसुद्धा अडचण कुणाला भासत नाही.

आणि समजा, केक खपले, लॉटरी पावली, दोन्ही खात्यांचे शिक्के पडले आणि रॅम्प झाला. उद्घाटन होईल. फीत रॅम्पच्या तोंडाशीच बांधतील, म्हणजे ती कापेपर्यंत चाकांना वाट बंद. देणगीदारांचा फलक, कौन्सिलचे सदस्य, परीचे पंख, सगळे ओळीत उभे राहतील, आणि फोटोग्राफर ओरडेल, “त्या खुर्चीवाल्या बाई, जरा बाजूला व्हा, फलक झाकला जातोय!”