नव्या गाडीचा पश्चात्ताप: नाशिकच्या पंचवटी विभागासाठी मार्गदर्शक सूचना

सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, पण गाडी मनातून उतरली आहे, अशा वाहनधारकांसाठी या सूचना काढण्यात येत आहेत. कार्यक्षेत्र रामकुंडापासून आडगाव नाक्यापर्यंत आणि इकडे मखमलाबाद नाक्यापर्यंत. गंगेपलीकडच्या, म्हणजे गोदावरीपलीकडच्या, कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मंडळींना पश्चात्ताप होत नाही असं नाही. पण त्यांच्या इमारतीखाली पार्किंग असतं, त्यामुळे त्यांचं प्रकरण या कक्षेत येत नाही.

प्रथम पश्चात्तापाची पातळी नोंदवावी. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे हल्ली मोबाइलवर कळतं. तरीही पंचवटीकर घाटावर जातो, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते डोळ्यांनी पाहतो आणि मगच पूर आला म्हणतो. हेच माप इथे लावावं. रंग पांढरा घ्यायला हवा होता असं वाटत असेल, तर पाणी मारुतीच्या पावलांना लागलं एवढंच समजावं. टपऱ्या हलवायची गरज नाही. हप्त्याचा मेसेज आला की पोटात गोळा येत असेल, तर गुडघे. कुठे जायचं म्हटलं की "त्यापेक्षा रिक्षाच बोलवा" यावर घरात एकमत होत असेल, तर कंबर. "मी तेव्हाच म्हटलं होतं" हे वाक्य घरात उच्चारलं गेलं, की पाणी छातीला टेकलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये अख्खा मारुती बुडाला होता. गाडीच्या प्रकरणात ती वेळ सहसा सासरे मध्ये पडल्यावर येते.

गुडघ्याखालच्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करू नये. पाणी आपोआप उतरतं.

कंबरेच्या वर पाणी असलेले अर्जदार पहिला प्रश्न विचारतात: गाडी शोरूमला परत करता येत नाही का? नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मालातल्या दोषाबद्दल बोलतो. माल उत्तम आहे, फक्त घेणाऱ्याचं मन फिरलं, यावर त्यात औषध नाही. रामकुंडात पातकं धुतली जातात अशी श्रद्धा आहे, अस्थीसुद्धा विरघळतात म्हणतात. कर्जखात्यावर त्या पाण्याचा परिणाम झाल्याची नोंद मात्र आढळत नाही.

अर्थात खचून जाऊ नये. चकाकीवर भुलण्याची पंचवटीला फार जुनी परंपरा आहे. सोन्याचं हरीण दिसलं ते इथेच. त्या वेळीही लक्ष्मणाने हा मारीच आहे असा स्पष्ट तपासणी अहवाल दिला होता. कोणी मनावर घेतला नाही. आजचा लक्ष्मण म्हणजे ओळखीचा मेकॅनिक. त्याच्याकडे गाडी घेण्याआधी कोणी जात नाही, घेतल्यावर पेढे घेऊन जातात आणि "कशी वाटते?" म्हणून विचारतात. तो पेढा खातो. दुसरं काय करणार?

आता कारणमीमांसा. पुष्कळ पश्चात्तापांचं मूळ टेस्ट ड्राइव्हमध्ये असतं. ती होते मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर. गारेगार एसी, शेजारी नम्र तरुण, आणि द्वारका, के. के. वाघ कॉलेज वगैरे भानगडी खाली राहिलेल्या. त्या पुलावर हातगाडीसुद्धा सुरेख चालेल. गाडी पारखायची तर सरदार चौकातून काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजाकडे न्यावी: समोरून यात्रेकरूंची रिक्षा, मागून भाजीवाला, मध्ये गाय, आणि ओट्यावरून "येऊ द्या, येऊ द्या, अजून पुष्कळ जागा आहे" असं सांगणारे एक काका. त्यांच्या बोलण्यावर जगात कोणत्याही गाडीचा डावा आरसा शिल्लक राहिलेला नाही.

आपली गाडी 3,995 मिलिमीटरच लांब का, हा प्रश्न घेताना कोणाला पडत नाही. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन ठरल्या मापाचं असलं की कर कमी लागतो, म्हणून कंपन्यांनी गाड्यांची शेपटं छाटून त्या मापात बसवल्या. म्हणजे गाडी कराच्या कायद्यात बसते. शनी चौकात बसेल असं कोणीही लिहून दिलेलं नव्हतं.

शिवाय पंचांग पाहावं लागतं. बुधवारी घाटावर बाजार. रंगपंचमीला शनी चौकातली रंगाच्या पाण्याची रहाड उघडली की गाडी नेमकी कुठे ठेवली होती आणि आता तिचा रंग कोणता, हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, तेव्हा रथ आपल्या गाडीला वळसा घालून जाईल अशी अपेक्षा धरू नये. पावसाळ्यात घाटावर गाडी लावणाऱ्याने दुतोंड्या मारुतीशी सतत नजरानजर ठेवावी. रात्रीत पाणी वाढून गाड्या वाहून जातात, आणि विम्यात पुराचं संरक्षण आहे की नाही हे माणूस नेमकं त्या सकाळी वाचतो. ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. 2015 च्या पर्वण्यांना खासगी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवल्या होत्या आणि भाविक पायी रामकुंडावर आले होते. त्या दिवशी पंचवटीतल्या गाडीमालकाने काय केलं? गाडीवर कपडे वाळत घातले. हा वापर माहितीपत्रकात नसतो, पण बॉनेट त्यासाठी उत्तम असतं.

दुसरं मूळ म्हणजे भाव. गाडी दारात आली की शेजारचे नाना पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा नाही, "केवढ्याला पडली?" हाच विचारतात. तुम्ही कोणताही आकडा सांगा. त्यांच्या साडूला तीच गाडी, वरचं मॉडेल, सीट कव्हर आणि मॅटिंग फुकट, पन्नास हजारांनी स्वस्त मिळालेली असते. हे साडू प्रत्यक्षात कोणी पाहिलेले नाहीत. आमच्या मते नाशिक जिल्ह्यातले सर्व साडू मिळून एकच गृहस्थ असावेत.

मात्र 2025 साली साडूंचं म्हणणं पहिल्यांदा खरं ठरलं. गणेश चतुर्थी होती 27 ऑगस्टला. मुहूर्त साधून पुष्कळांनी गाडी दारात आणली, लिंबावरून चाक नेलं, नारळ फोडला. पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार हे 15 ऑगस्टलाच लाल किल्ल्यावरून सांगितलं होतं, पण लाल किल्ल्यावर मुहूर्त सांगत नाहीत. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय झाला आणि 22 सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेला, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी अधिक 1 टक्का उपकर जाऊन एकूण 18 टक्के राहिला. साडेआठ लाख एक्स-शोरूम किमतीच्या गाडीत हा फरक सुमारे 72 हजारांचा होतो. गणपतीत घेतलेली गाडी नवरात्रात 72 हजारांनी महाग घेतलेली ठरली. इतक्या रकमेचा पश्चात्ताप वैध मानण्यात येतो आणि त्याला पुराव्याची गरज नाही.

आणि इथेच बहुतेकांच्या डोक्यात ती कल्पना येते: भाव उतरलेत ना, मग ही एक्स्चेंजला देऊन मोठी घेऊ या!

ही कल्पना येताच एक ग्लास पाणी प्यावं आणि कागद-पेन घ्यावं. वर्षभर वापरलेल्या गाडीचं उदाहरण घेऊ. एक्स-शोरूम साडेआठ लाख. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर 11 टक्के, म्हणजे साडेत्र्याण्णव हजारांच्या आसपास. विमा वगैरे धरून गाडी रस्त्यावर यायला दहा लाखांच्या घरात गेली. दोन लाख हातचे भरले, आठ लाख कर्ज काढलं, 9 टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता सुमारे 12,870. वर्षभरात दीड लाखावर रुपये भरून झाले आणि मुद्दल कमी झालं साधारण 86 हजारांनी. बँकेचं अजून सुमारे 7 लाख 14 हजार देणं आहे.

आता गाडीचं मोल. विम्याच्या तक्त्यात सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीची घट 15 टक्के धरतात, आणि ती तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, आज कंपनीची जी किंमत आहे तिच्यावर. 7 लाख 77 हजारांतून 15 टक्के गेले की राहिले 6 लाख 60 हजार. रस्ता कर परत मिळत नाही. तो गाडीबरोबर पुढच्या माणसाकडे जातो. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आपल्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो, आणि तो हा पैसा स्वतःच्या खिशातून घालेल असं मानणाऱ्याने व्यवहारात पडू नये. या 6 लाख 60 हजारांतून त्याचा नफा, उजव्या दारावरचा ओरखडा आणि "साहेब, या रंगाला गिऱ्हाईक नाही" हे तीन आकडे वजा होतात. तरी क्षणभर पूर्ण रक्कम मिळाली असं धरू. बँकेचं देणं फेडायला वरून चोपन्न हजार घालावे लागले. गाडीही गेली आणि वर पैसेही दिले.

एक्स्चेंज बोनस याच वेळी पुढे केला जातो. बोनस तीस हजारांचा असतो आणि गाडीचा भाव चाळीस हजारांनी पाडलेला असतो. ही वजाबाकी पेढेवाटप सुरू असताना करता येत नाही, म्हणून घरून करून जावी. तरीही नवी गाडी घेतलीच, तर तिच्या एक्स-शोरूम किमतीवर पुन्हा रस्ता कर, पुन्हा विमा, पुन्हा पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात घेऊन फोटो. फोटोत सगळे हसतात. मागच्या फोटोतही हसले होते.

म्हणून विभागाचं मत असं, की गाडी बदलण्याला कारण हवं, आणि साडू हे कारण नव्हे. हप्त्यापायी मुलांची फी थकत असेल तर विकावी, आजच विकावी. हट्टाने ठेवण्यात शौर्य नाही. बाकी बहुतेक कारणं गाडीपेक्षा खूप स्वस्तात मिटतात. आईंना उंच गाडीत चढता येत नाही, ही तक्रार सर्वाधिक येते. त्यासाठी तीन घरांत गाड्या बदलायचं चाललं होतं. आईंना कोणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, लाकडी पाट ठेव की पायाशी." पाट डिकीत मावतो. पार्किंगची अडचण असेल तर महिन्याच्या भाड्याने जागा घ्यावी. नाहीतर गाडी हिरावाडीत बहिणीच्या दारात ठेवावी आणि तिथपर्यंत रिक्षाने जावं. हे हास्यास्पद दिसतं, पण गाडी बदलण्यातला दीड-दोन लाखांचा खड्डा त्याहून हास्यास्पद दिसतो, फक्त तो रस्त्यावरून दिसत नाही.

गाडीशिवायच राहावं, या टोकाला गेलेल्यांनी कपालेश्वराचं दर्शन घ्यावं. महादेवासमोर नंदी नाही असं हे पंचवटीतलं प्रसिद्ध देऊळ. ब्रह्महत्येचं पातक कुठे फिटेल हे नंदीने सांगितलं, म्हणून देवाने त्याला गुरू मानलं आणि समोर वाहन म्हणून बसवलं नाही, अशी कथा आहे. देवाचं काही अडलं नाही. मात्र देवाला सोमवारी सकाळी सातपूरच्या कंपनीत पहिली पाळी नसते, हे ध्यानात घ्यावं.

सर्व विचार करून विकायचंच ठरलं, तर त्यात पंचवटीकरांची एक सोय आहे: आरटीओ कार्यालय पेठ रोडलाच आहे. बँकेकडून ना हरकत घेऊन फॉर्म 35 ने एचपी, म्हणजे आरसीवरचा कर्जाचा बोजा, उतरवून घ्यावा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो. तो काढून घ्यायला विसरू नये, कारण या सर्व प्रकरणात तुमच्या हाती लागणारी ती एकमेव गोष्ट आहे. आणि घेणारा "दादा, नावावर करून घेतो पुढच्या आठवड्यात" असं म्हणाला तर चावी पुन्हा खिशात घालावी. आरसीवर ज्याचं नाव, तो मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

ही शेवटची सूचना कोणी पाळत नाही. मग दोन-तीन महिन्यांनी मोबाइलवर ई-चलान येतं, वेगमर्यादेचं, सोबत फोटो. गाडी वणीच्या बाजूला कुठेतरी भरधाव निघालेली, नवी अलॉय व्हील्स, वर कॅरियर, काचा लखलखीत. घरातले सगळे मोबाइलवर वाकतात.

"आपलीच का हो ही?"

"नंबर तर आपलाच आहे."

"बघा, चांगली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, विकू नका."