कागदावर टीम तगडी आहे, पण…

आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल स्पर्धा चार दिवसांवर आली आणि प्राचार्यांनी मला कॉलेजच्या संघाचा मॅनेजर केलं. मी मराठी शिकवतो. बॅट गोल असते, यापलीकडे बेसबॉलबद्दल मला काहीही ठाऊक नव्हतं. "काही अवघड नसतं सर. ओळखपत्रं सांभाळायची, केळी वाटायची," पीटी सरांनी धीर दिला. "टीम कशी आहे, ते मात्र एकदा पंचांगरावांना विचारून घ्या."

पंचांगराव हे नाव नाही, पद आहे. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलावर एक असतो, आमखास मैदानावर एक असतो. आमच्या वाट्याचे पंचांगराव विद्यापीठाच्या मैदानावर असतात. सरकारी नोकरीतून निवृत्त, डोक्यावर कुठल्याशा जुन्या स्पर्धेची टोपी, स्कूटरला अडकवलेली घडीची खुर्ची आणि काखेत रबरबँड लावलेलं लांबोडकं रजिस्टर. रजिस्टरच्या पहिल्या पानावर गावाचं नाव औरंगाबाद आहे, चालू पानावर छत्रपती संभाजीनगर. मधल्या काळात शहराचं नाव बदललं. पंचांगरावांचा निष्कर्ष बदलला नाही. तो एकच आहे: "कागदावर टीम तगडी आहे, पण…" या 'पण'नंतर ते चहा पितात. टीम जिंकली तर वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा ठरतो, हरली तर चहा.

नाव कसं पडलं, ते त्यांनीच सांगितलं. पंचांगाला जशी तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगं, तशी बेसबॉलच्या संघालाही पाच: पिचर, कॅचर, फिल्डिंग, बॅटिंग आणि पळणं. पाचही तपासल्याशिवाय ते मत देत नाहीत. तपासल्यावरही देत नाहीत, हे मला नंतर कळलं.

सरावाला आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा ते टेप घेऊन ओणवे झाले होते. आमच्या पोरांनी दोरी धरून, फक्की मारून चौकोन आखला होता. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, ते बरोबर होतं. पंचांगरावांनी टेपचं एक टोक होम प्लेटला माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन थेट सेकंड बेसकडे चालू लागले. तिथून ओरडले, "एकशे चोवीस! पाहिजे १२७ फूट तीन इंच आणि वर एक केस!" गवंडी भिंतीला गुण्या लावतो, तसा त्यांनी आमचा कोपरा पकडला. चौकोन काटकोनात नव्हता, पतंगासारखा तिरका झाला होता. पोरांनी पायाने फक्की पुसली आणि पुन्हा मारली. हा माणूस नुसता बोलघेवडा नाही, हे मला तेव्हा पटलं. पुढच्या तासाभरात पुन्हा शंका आली.

पहिलं अंग, पिचर. 

"बाळा, गाव कोणतं?"

"सिल्लोडकडचा हाव काका."

"शेतात काय असतं?"

"मका."

"ज्वारी नाही?"

"आज्याच्या टायमाला होती."

पंचांगरावांनी खिन्नपणे लिहिलं: 'गोफणीचा हात नाही.' त्यांचा सिद्धान्त असा, की मराठवाड्यातला पिचर ज्वारीत घडतो. माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायची, दिवसभर खडे भिरकवायचे. मग साडेसाठ फुटांवरच्या कॅचरच्या ग्लोव्हात चेंडू घालणं म्हणजे काय मोठं? मका आला आणि खांदे गेले. मी म्हटलं, "पण जमतं हो, सर. त्या दोन पोरांना जमलंच की." माझी सारी पूर्वतयारी त्या दोन पोरांची होती. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही भालाफेकीतले. बेसबॉल कधी हातात धरलेला नसताना २००८ साली टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन क्लबाने दोघांशी करार केला. पंचांगरावांनी मान डोलावली. "म्हणून तर मी तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो. बाळा, भाला फेकतो का?" पिचर म्हणाला, "नाही काका, कबड्डी." त्याचीही नोंद झाली.

दुसरं अंग, कॅचर. त्याच्याकडे पंचांगराव बराच वेळ बघत राहिले. तोंडावर जाळीचा मास्क, छातीला गार्ड, पायाला गार्ड, सगळं सॉफ्टबॉलच्या किटमधलं. आपल्याकडे बेसबॉल हा सॉफ्टबॉलचा धाकटा भाऊ. थोरल्याचे कपडे त्याने घालायचे आणि थोरल्याचीच पोरं त्याने खेळवायची. तिकडे चेंडू खालून टाकायचा, इकडे वरून, एवढा फरक शिकायला पोरांना एक आठवडा मिळतो. कॅचरपुढे शेरा पडला: 'बसतो उत्तम. उठत नाही.'

तिसरं अंग, फिल्डिंग. आमचा शॉर्टस्टॉप डावखुरा होता. डावखुऱ्याला ग्लोव्ह उजव्या हाताचा लागतो. किटमध्ये होते ते सगळे डाव्या हाताचे. त्यावर त्याने स्वतःची रीत बसवली होती. डाव्या हाताने चेंडू अडवायचा, ग्लोव्ह काढून काखेत मारायचा, मग त्याच हाताने फेकायचा. एवढ्या वेळात धावणारा बेसवर पोचून बूट झटकत असे. "हात चांगला आहे," पंचांगराव म्हणाले, "फक्त एकच आहे."

चौथं अंग, बॅटिंग. नवांपैकी सहा जण गल्लीतल्या क्रिकेटमधून आलेले. एकाने चेंडू असा हाणला, की मीही टाळी वाजवली. मग तो बॅट हातात घेऊनच धावत सुटला आणि फर्स्ट बेसवर पोचून त्याने बॅट जमिनीवर टेकवली, क्रीजमध्ये टेकवतात तशी. पंचांगरावांनी डोळे मिटले.

पाचवं अंग, पळणं. इथे मात्र ते खुलले. आमचा एक पोरगा पिचरचं लक्ष नसताना बेस चोरायचा, तो इतक्या सफाईने, की चोरून झाल्यावर कळायचं. वडील काय करतात, विचारल्यावर तो म्हणाला, "हवालदार." पंचांगराव म्हणाले, "बरोबर. लहानपणापासून नजर चुकवायची सवय आहे."

तपासणी संपली. त्यांनी किटमधला एक चेंडू माझ्या हातात दिला. "टाके मोजा सर." मी मोजले. १०८ भरले. "जपमाळेइतके," ते म्हणाले. "खेळणाऱ्यांनी खेळावं, मॅनेजरनं जप करावा."

मग त्यांनी रजिस्टरचं मागचं पान उघडलं. त्यावर पोरांची नावं होती आणि पुढे फक्त वर्ष: पहिलं, दुसरं, तिसरं. "हे सहावं अंग. पंचांगात नसतं," आवाज खाली आणून ते म्हणाले. "तिसऱ्या वर्षाची किती आहेत, बघा. तशा पोराला यंदाच विद्यापीठाच्या टीमचं सिलेक्शन पाहिजे, कलर कोट पाहिजे. वर खेळून सर्टिफिकेट मिळालं तर नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे, पोलीस भरती आहे. तो चेंडूवर अंग टाकतो. पहिल्या वर्षाचा म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. तिसऱ्या वर्षाची तुमच्यात चार आहेत. पलीकडच्या कॉलेजात पाच." 

इतकं शहाणं वाक्य मी त्या मैदानावर दुसरं ऐकलं नाही. घाईघाईने विचारलं, "म्हणजे आपण हरणार?"

"कागदावर टीम तगडी आहे, पण…"

"सर, एक तरी गोष्ट नक्की सांगा!"

त्यांनी चहा संपवला, कप उपडा केला. "फायनल होणार. एवढं लिहून घ्या."

कसे कोण जाणे, आम्ही फायनलला पोचलो. समोर तेच पाचवालं कॉलेज. दुसऱ्या इनिंगला १-१ झाले असताना लेण्यांच्या डोंगरामागून परतीचा पाऊस आला. पाच मिनिटांत फक्कीचे ओघळ झाले, दहा मिनिटांत काळ्या मातीने पिचरचा बूट काढून घेतला. तासभर वाट बघून पंचांनी दोघांनाही संयुक्त विजेते जाहीर केलं.

पंचांगराव खुर्ची डोक्यावर धरून माझ्याकडे आले. चेहऱ्यावर आयुष्यभराची तपश्चर्या फळल्याचा आनंद होता. "मी काय म्हणालो होतो? तोडीस तोड!" असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण त्यांनी जे जे म्हटलं होतं, त्यातल्या कशातही ते बसत होतं.

"ते सोडा सर," मी म्हटलं. "ट्रॉफी एकच आहे. आधी कोणाकडे राहणार?"

त्यांनी रबरबँड काढला, ओलं पान उलटलं. "त्यांच्या कपाटाला काच आहे, कुलूप नाही. तुमच्या कपाटाला कुलूप आहे, किल्ली सापडत नाही. तसं कागदावर दोन्ही कपाटं तगडी आहेत, पण…"

एवढं बोलून ते चहाची टपरी उघडी आहे का, ते बघू लागले.