ट्रंकेतली मोडी, डेस्कटॉपवरची माया

ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या जुन्या मराठी घरांत कागद टाकत नाहीत. पणजोबांचं मोडीतलं गहाणखत कुणाला वाचता येत नाही, तरी ट्रंकेत डांबरगोळ्यांसह जपलेलं असतं. संगणक अडला की मात्र याच घरातले काका दुकानदाराला बेधडक सांगतात, "भैया, फॉर्मेट मार दो."

दुकानदार विचारतो, "डाटा है कुछ?" काका म्हणतात, "सी में कुछ नहीं, सब डेस्कटॉप पे है." हा डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच राहतो, हे त्यांना कोण सांगणार? डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सही तिथलेच बिऱ्हाडकरू.

खरं तर रीसेट करताना विंडोज 'कीप माय फाइल्स' असा पर्याय स्वतःच देते. प्रोग्रॅम जातात, फाइली राहतात. विंडोज उघडतच नसेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून मुंजीचे फोटो आधी बाहेर काढता येतात. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर 48 आकडी किल्ली लागते; ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, त्याचा पासवर्ड डेस्कटॉपवरच्या फाइलीत. पण या सगळ्याला वेळ लागतो, आणि फॉर्मेट कसं अर्ध्या तासात उरकतं! डिस्कच मरायला टेकली असेल तर दुरुस्तीआधी नक्कल काढायची, हा क्रम तर कुणाच्या गावीही नसतो.

संध्याकाळी संगणक लख्ख होऊन घरी येतो. काकू विचारतात, "अहो, वंशावळ टाईप केली होती, ती कुठाय?"

"ट्रंकेत बघ."