दोन सुतांची बैठक

गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव करायची आपली जुनी सवय. त्याच न्यायाने ओहायोतल्या मुलाच्या शेजाऱ्याचा मी पहिल्याच आठवड्यात 'रॉडकर' करून टाकला. त्याचं खरं आडनाव पोलिश. त्यात एकच स्वर आहे आणि तोही व्यंजनांच्या गर्दीत लोकलमधल्यासारखा चेंगरलेला.

हॉट रॉड म्हणजे जुन्या मोटारीचं अंग ठेवून, आतडी बदलून, छप्पर कापून घरी केलेली गाडी. 'केलेली' हा शब्द मी केवळ व्याकरणासाठी वापरला. प्रत्यक्षात ती नेहमी 'करायला घेतलेली' असते. रॉडकरने ती अकरा वर्षांपूर्वी करायला घेतली. मुलगा म्हणतो, "बाबा, असा एक माणूस इथे प्रत्येक वस्तीत असतो. गॅरेज त्याचं आणि मोटारी बाहेर पावसात."

सांगाडा 1930 च्या फोर्ड मॉडेल ए चा. मूळचं 40 अश्वशक्तीचं इंजिन गेलं, त्या जागी शेव्हरोलेचं व्ही-8 येणार. फोर्डच्या पोटात शेव्हरोले हा या पंथात मिसळीच्या रश्शासारखा विषय आहे, सभ्य माणसाने काढू नये. तूर्त ते इंजिन कोपऱ्यात स्टँडवर, चादर पांघरून बसलेलं असतं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं. सगळे त्याला वळसा घालून जातात.

मी चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. मुलाकडे सहा महिने काय करायचं, हा प्रश्न घेऊन विमानात चढलो होतो. उत्तर कुंपणापलीकडे कानस घासत होतं.

त्या दिवशी रॉडकर गाडीच्या तळाला स्क्रूड्रायव्हर लावून बघत होता. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. मग त्याने जो तळ कापायला घेतला, तो उरलाच नाही. बिनतळाच्या गाडीत तो आनंदाने उभा राहिला, पाय जमिनीवर आणि हात स्टीअरिंगवर. बैलाशिवाय नांगर धरलेल्या शेतकऱ्यासारखा.

नव्या तळाचं माप आधी पुठ्ठ्यावर उतरलं. त्यासाठी त्या घरी आठवडाभर पिझ्झा खाल्ला गेला. मग अठरा गेजचा पत्रा आला, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा. असा सपाट पत्रा पायाखाली डालड्याच्या डब्यासारखा पुकपुकतो, म्हणून त्यात यंत्राने पन्हळी उठवायच्या. रॉडकरने इतक्या उठवल्या, की मधल्या फळीवर नक्षी झाली. "यावर गालिचा घालणार ना?" असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पैठणीचं पायपुसणं करायला सांगितलं होतं.

खरी कथा सुरू होते ती सीटपासून. भंगारवाल्याकडून त्याने कुठल्याशा मिनीव्हॅनच्या दोन सीटा आणल्या. सामान्य माणूस त्या तळाला बोल्टने आवळून मोकळा होईल. पण नुसत्या पत्र्याला आवळलेली सीट म्हणजे जुन्या शर्टाचं बटण. धक्का बसला, की कापडासकट हातात येतं. म्हणून तळाखाली चौकोनी नळीचे आडवे आधार घालायचे, ते बाजूच्या मजबूत पट्ट्यांना जोडायचे आणि जिथे बोल्ट येणार तिथे पत्र्यामागे जाड पट्टी द्यायची. सुरक्षापट्ट्याचा बोल्ट तर सात-सोळांश इंची. आपल्या मिस्त्रीच्या भाषेत साडेतीन सूत. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं आणि आता हा बोल्ट! इथे मात्र रॉडकर थट्टा चालू देत नाही. एरवी वेल्डिंग जमलं नाही तर "रंगाखाली झाकेल" म्हणणारा हा गडी पट्ट्याच्या आधारावरचे टाके तीनदा घासून तीनदा भरत होता. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याला आमच्या टूलरूममध्ये भरती करून घेतलं.

या आधारांना त्याने वजन कमी करायला गोल भोकं पाडली. ही परंपरा. हे खूळ दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या पोरांचं. त्यांनी 1937 साली स्वतःची संघटनासुद्धा काढली होती. महायुद्ध संपल्यावर विमानांचं भंगार निघालं आणि बॉम्बर विमानांच्या भोकाभोकांच्या ॲल्युमिनियमच्या सीटा या गाड्यांत आल्या. बिल बर्क नावाच्या गृहस्थाने तर 1946 मध्ये लढाऊ विमानाची इंधनाची टाकी उचलून तिचीच शर्यतीची गाडी केली. तेव्हा भोकं हवीतच. रॉडकरने एकंदर छटाकभर लोखंड कमी केलं. त्याच महिन्यात पिझ्झ्याने त्याच्यात दीड किलोची भर घातली होती, पण हिशेब फक्त गाडीचा ठेवायचा असतो.

आता सीट किती उंच? छप्पर त्याने स्वतःच चार इंच कापलं होतं, उमेदीच्या काळात. लाकडी ठोकळ्यांवर सीट ठेवून तो बसला, तर डोकं छपराला. ठोकळा काढला, तर समोर फक्त डॅशबोर्ड. शिवाय माणूस बसला, की फोम दबतो. म्हणजे माप बसल्यावरच घ्यायचं आणि बसलेल्याला ते घेता येत नाही. माझी नेमणूक इथे झाली. तो बसायचा आणि मी गुणिया लावून सांगायचो, "दोन सूत खाली." 'सूत' हा शब्द त्याने दोन दिवसांत उचलला. आठव्या भागाला स्वतंत्र नाव आहे याचं त्याला कोण कौतुक! इंचाचे अपूर्णांक म्हणण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

रूळ समांतर राहावेत म्हणून सीट जागेवर ठेवूनच टाके मारायचे आणि पुरतं वेल्डिंग करण्याआधी ती बाहेर काढायची, असा दंडक. पहिला भाग त्याने पाळला. दुसऱ्याच्या वेळी फोममधून धूर निघाला. वहिनी (मी त्याच्या बायकोला मनात वहिनीच म्हणतो) बादली घेऊन आली. ती नेमकी दाराशीच भरून ठेवलेली होती. संसाराची अकरा वर्षं अशी असतात.

शेवटी वरून बोल्ट आवळायचे तर खालून नट धरायला कुणीतरी हवं. आम्ही नट वेल्ड करायला विसरलो होतो. मी पाना घेऊन गाडीखाली सरकलो. आमची मंडळी कुंपणापलीकडून म्हणाली, "एवढा खर्च करून अमेरिकेत गाडीखालीच झोपायचं होतं?"

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं गाडीत बसलो. दारं लावली. त्याने गिअरची नसलेली दांडी पुढे ढकलली. समोरच्या भिंतीवर फावडं आणि सायकल टांगलेली होती. आम्ही तिकडे बघत वीसेक मिनिटं गेलो.

"कुठवर आलात?" वहिनीने विचारलं.

माझी सीट अगदी चोख होती. पाच फूट चार इंचांना मॉडेल ए ऐसपैस होतं. रॉडकरने मान ताठ केली, तसा छपरातून बारीक 'टक्' आवाज आला. त्याने पुन्हा ताठ केली. पुन्हा 'टक्'.

"दोन सूत," तो म्हणाला, शुद्ध मराठीत.

मी दार उघडून पाय खाली ठेवेपर्यंत त्याने ग्राइंडरची पिन लावलीसुद्धा होती.