मसुदा चालू आहे

साठी उलटलेल्या मराठी गृहस्थापुढे मृत्युपत्राचा विषय काढून पाहा. "शुभ बोल नाऱ्या" म्हणत अख्खं घर अंगावर येतं. हाच गृहस्थ स्वतःच्या मरणावर काढलेल्या विम्याचा हप्ता तीस वर्षं बिनबोभाट भरत आलेला असतो, तेव्हा कुणाला अशुभ वाटत नाही.

काही चतुर तात्यांना मात्र यातली मेख सापडली आहे. मृत्युपत्र करायचं नसतं, करतोय असं म्हणायचं असतं. रविवारी पानावर बसलं की भाताच्या पहिल्या घासाबरोबर सहज सांगायचं, "वकिलांशी बोलणं झालंय. मसुदा चालू आहे." हिंजवडीतला धाकटा पुढच्या शनिवारी फळं घेऊन हजर होतो. न्यू जर्सीतला थोरला गुडघ्यांची चौकशी करतो. सून आपण होऊन पुडाच्या वड्या करते. मसुदा असतो गोदरेजच्या कपाटातल्या लॉकरमध्ये, किल्ली जानव्याला, आणि लॉकरमध्ये प्रत्यक्षात विजेची जुनी बिलं.

कायदाही तात्यांच्याच बाजूने. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं आणि चालतं ते शेवटचं. निबंधकाकडे नोंदवलेलं मृत्युपत्रसुद्धा नंतरच्या साध्या, न नोंदवलेल्या कागदाने रद्द होऊ शकतं. म्हणजे तात्यांचा श्वास चालू आहे तोवर कुठल्याही वारसाने निश्चिंत होऊ नये, अशी चोख व्यवस्था आहे. गोव्यातल्या तात्यांचं निम्मं हत्यार मात्र कायद्यानेच काढून घेतलंय. तिथे मुलं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव, मर्जी चालते ती उरलेल्या निम्म्यावर.

उत्साहाच्या भरात तात्या गावची वडिलोपार्जित जमीनही वाटायला काढतात. तिथे स्वतःच्या हिश्शापुरतंच लिहिता येतं, आणि २००५ पासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. हे आठवलं की मग रक्षाबंधनाला बहिणीसाठी साडीबरोबर हक्कसोडपत्रही येतं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते.

"मी सगळीकडे नॉमिनी लावलाय," असं म्हणणारे तात्या वेगळे. नॉमिनी बहुतेक ठिकाणी सांभाळणारा असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हे पुन्हा बजावलं. पण सोसायटीच्या बाकावर सर्वोच्च न्यायालयाला विचारतो कोण?

या सगळ्या नाटकात माईंना संवाद नाही. त्यांच्या नावावर काय असतं? नोकरी केली असेल तर फंड, थोड्या ठेवी, कधी एखादा फ्लॅट. "मला काय करायचंय मृत्युपत्र, माझं सगळं ह्यांचंच," असं माई म्हणतात. त्यांना वाटतं ही रीत आहे. मूलबाळ नसेल तर तो कायदाही आहे, आणि त्यांना वाटतो त्याहून फार लांब जाणारा.

१९५५ साली एका मुलीचं लग्न झालं. तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली, पैसे साठवले आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता वारली. आई हयात होती. तरीही २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांच्या बाजूने. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ असंच आहे. मूलबाळ नसलेल्या विधवेची स्वकष्टाची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. न्यायालयाचं म्हणणं असं की, सहानुभूतीवर निकाल देता येत नाही.

तेव्हा तात्यांचा मसुदा चालू राहू द्या, त्यांना वड्या मिळताहेत. माई, मावशी, एकट्या राहणाऱ्या आत्या, तुम्ही मात्र आजच बसा. साधा कागद चालतो. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. काय कुणाला द्यायचं ते लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही सह्या तुमच्यासमोर घ्या. साक्षीदार मात्र ज्यांना काही मिळणार नाही असेच निवडा. आणि तात्यांना यातलं काही सांगायची गरज नाही.