लवंगीचं खरं गिऱ्हाईक

काळेवाडीत मूळचं काळेवाडीचं कोण, हे शोधावंच लागतं. कुणी जळगावहून आला, कुणी नागपूरहून, कुणी गडहिंग्लजहून. पवनेचा पूल ओलांडून सगळे कंपनीत एकाच शिफ्टला खपतात, पण डबा उघडला की जो तो आपापल्या गावाचा वकील. एक भिवापुरी मिरचीची बाजू घेतो, दुसरा नंदुरबारच्या मिरचीबाजाराचे दाखले देतो, तिसरा संकेश्वरीवरून हमरीतुमरीवर येतो. ब्याडगीवाल्याला कुणी पंगतीला घेत नाही. रंगावर कुठे केस जिंकतात?

सगळ्यात तिखट मिरची कुणाची, हा वाद मिटवायला इथल्या एका फिटरने गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लवंगी लावली. महिन्याभरात पानं आकसून वळली. शेजाऱ्यांची निदानं ठरलेली: पाणी जास्त झालं, नजर लागली, हवाच खराब. गावाहून आईने फोनवरच सांगितलं, "बोकड्या आलाय रे मेल्या, निंबोळी अर्क मार." फुलकिडे आणि कोळी पानांतला रस शोषतात, त्याचा हा प्रताप. नवी पालवी सरळ आली, झाडं लगडली, मिरच्या लाल झाल्या.

आणि बुलबुल आले.

मिरच्या गट्ट करून ते शांतपणे शेपटी हलवत बसले. ना ठसका, ना पाणी. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पक्ष्यांना झोंबतच नाही. माणूस बी दाढेखाली भरडतो, पक्षी ते अख्खं दूर नेऊन टाकतो. म्हणजे लवंगीचं खरं गिऱ्हाईक तेच, तिखटपणा आपल्याला हाकलण्यासाठी. आपण मात्र हाकलणाऱ्यालाच तव्यावर तेल घालून बसवतो! याच कॅप्सेसिनच्या मदतीने शरीरातला उष्णता ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. काळेवाडीत जन्मभर ठसकणाऱ्यांना अजून साधं प्रशस्तिपत्रक नाही.

विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली तिखटपणा मोजायला मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत नेला, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. फिटरच्या बायकोचं मापन जास्त सुटसुटीत. बुलबुलांनी ठेवलेली लवंगी, लसूण, शेंगदाणे तव्यावर परतायचे, जाडं मीठ घालून खलात ठेचायचे आणि खोकला कितव्या मजल्यापर्यंत पोचला ते ऐकायचं. तिसऱ्या मजल्यावरून ठसकतच हाक आली, "वहिनी, वाटीभर आम्हालाही ठेवा हं!"

पोरांसाठी दह्याची वाटी होती, कारण पाणी इथे कुचकामाचं. हातांचंही तेच. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, म्हणून आधी तेल चोळायचं, मग साबण. ग्रीस काढणाऱ्या फिटरला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तरी घाईत एक बोट राहिलंच. सेकंड शिफ्टला मशीनपाशी त्याने डोळा चोळला आणि धार लागली. सुपरवायझरने विचारपूस करून, गावाकडे काही झालं असेल म्हणून न मागता दोन दिवसांची रजा दिली.