दुप्पट खाशी

'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने काढली, त्याच्याकडे ग्लुकोमीटर नसणार. आमच्या अण्णांकडे आहे. आषाढीला त्यांची उपाशीपोटी साखर ११८ होती आणि खिचडीच्या पहिल्या घासापासून घड्याळ लावून दोन तासांनी मोजली, तर २३६. बरोब्बर दुप्पट. "बघ, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं," असं म्हणून अण्णा अभिमानाने केळं सोलायला लागले.

साबुदाण्याइतकी साळसूद चेहऱ्याची वस्तू फराळात दुसरी नाही. कसाव्याचे कंद किसायचे, धुवायचे, चोथा काढून टाकायचा आणि तळाला बसलेल्या पिठाचे दाणे पाडून भाजायचे, असा हा सेलमकडचा उद्योग. शेवटी उरतो जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणजे ग्लुकोजची माळ. ती तुटायला तोंडातल्या लाळेपासूनच सुरुवात होते. त्यात आपण बटाटा घालतो, म्हणजे स्टार्चला सोबत स्टार्चचीच. त्या कढईत साखरेला आवर घालणारे दोघेच, दाण्याचं कूट आणि तूप. त्यांच्यामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर एकदम मुसंडी मारत नाही. पण कुटाने अण्णांना पित्त होतं, म्हणून त्यांच्या वाटची खिचडी वेगळी, बिनकुटाची. वर चमचाभर साखर, चवीपुरती.

कोणतं अन्न रक्तातली साखर किती चढवतं, याचा तक्ता टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी सहकाऱ्यांसह १९८१ साली मांडला, ग्लुकोजला शंभर गुण देऊन. मी तो अण्णांना समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हे जेनकिन्स एकादशी करतात?"

"नाही."

"मग झालं तर."

खरी गंमत पुढेच असते. झपाट्याने चढलेली साखर उतरायला लागली की पोटात पुन्हा कावळे ओरडतात. एरवी पिठलं-भाकरीवर दुपारभर गप्प बसणारे अण्णा एकादशीला तासा-दोन तासांनी डब्यांची झाकणं उघडून बघतात. बटाट्याचा चिवडा, मग रताळ्याचा कीस, मग राजगिऱ्याचा लाडू. आणि मुख्य फराळ रात्री, कीर्तन आटोपल्यावर, साबुदाणावड्यांचा. तेच वडे सकाळी खाल्ले तर शरीर बऱ्यापैकी निभावून नेतं. रात्री इन्सुलिनचा उत्साह ओसरलेला असतो. वडे सोडा, असं म्हणायची आमच्यापैकी कोणाची छाती नाही. निदान आधी काकडीची कोशिंबीर संपवा, वडे शेवटी घ्या, एवढंच आईने सुचवलं. नुसत्या या क्रमानेही आकडा जरा खाली राहतो. "पंगतीची सुरुवात वरणभाताने होते," अण्णा म्हणाले. फराळात वरणभात कुठून आला, हे विचारायचं नसतं. जेवणानंतर चाललं की पायांचे स्नायू साखर ओढून घेतात, म्हणजे शतपावली हीसुद्धा पूर्वजांचीच देणगी. पण पूर्वजांचं ऐकायचं म्हटलं की अण्णांना नेमकी वामकुक्षी आठवते.

कार्तिकीला सकाळी त्यांना रक्त तपासायला घेऊन गेलो. लॅबमधल्या मुलीने दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, "आजोबा, उपास आहे ना?"

"कडक," अण्णा म्हणाले.

"रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?"

"छे! काही म्हणजे काही नाही. वाटीभर खिचडी, दोन केळी..."

मुलीने सुई खाली ठेवली.

"...आणि दही," अण्णा म्हणाले. "पण साखर अगदी बेताची हं."